सिकल सेल आजार : प्राथमिक आरोग्यसेवा आणि परिचारिकेची भूमिका

कुटुंबांसाठी व आरोग्य केंद्रात येणाऱ्या नागरिकांसाठी माहितीपाठ

प्रस्तावना

सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तो जन्मतः असतो व आयुष्यभर सोबत राहतो. तो संसर्गजन्य नाही. रुग्णाला स्पर्श केल्याने, त्याच्यासोबत जेवल्याने किंवा राहिल्याने तो कोणालाही होत नाही.

या आजाराचे बहुतेक रुग्ण मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञ डॉक्टरांना वर्षातून मोजक्याच वेळा भेटतात. उरलेले सर्व दिवस रुग्ण घरी, शाळेत, शेतात किंवा कामावर असतो. त्या दिवसांत त्याच्या सर्वांत जवळ असतात ते त्याचे कुटुंबीय, गावातील आशा, उपकेंद्रातील आरोग्यसेविका, सामुदायिक आरोग्य अधिकारी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका. रुग्णाचे आयुष्य किती लांबेल आणि किती सुसह्य होईल, हे बऱ्याच अंशी या जवळच्या माणसांच्या नियमित कामावर अवलंबून असते. ते काम कोणते आणि त्यात कुटुंबाचा वाटा कोणता, हे या पाठात समजावून दिले आहे.

१. आजाराचे स्वरूप

आपल्या रक्तातील तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. ते फुप्फुसांतून प्राणवायू घेऊन शरीरभर पोहोचवते. निरोगी तांबडी पेशी गोल, मऊ व लवचिक असते. त्यामुळे ती अत्यंत बारीक रक्तवाहिनीतूनही सहज वाहत जाते. सिकल सेल आजारात हिमोग्लोबिनच्या घडणीत एक लहानसा आनुवंशिक बदल झालेला असतो. प्राणवायू कमी पडला, शरीरातील पाणी कमी झाले, ताप आला किंवा थंडी बाधली की असे हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटते आणि पेशी ताठ होऊन विळ्याच्या आकाराची बनते. इंग्रजीत विळ्याला ‘सिकल’ म्हणतात. त्यावरूनच आजाराला हे नाव मिळाले.

विळ्याच्या आकाराच्या पेशींमुळे दोन प्रकारचे त्रास होतात. पहिला असा की या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. ज्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो, तेथे तीव्र वेदना होतात आणि असे वारंवार घडल्यास त्या अवयवाची हानी होते. दुसरा त्रास रक्तक्षयाचा. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. शरीर नव्या पेशी तयार करते, परंतु नाश होण्याचा वेग अधिक असल्याने रक्त कमीच राहते. डोळे पिवळसर दिसणे, दम लागणे व लवकर थकवा येणे ही त्याची लक्षणे होत.

जन्मानंतरचे पहिले काही महिने बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन भरपूर असते. ते बाळाचे रक्षण करते. ते कमी होऊ लागले की साधारणतः सहाव्या महिन्यानंतर लक्षणे दिसू लागतात. अनेक बाळांमध्ये हाताची व पायाची बोटे सुजून दुखणे हे पहिले लक्षण असते. म्हणून जन्मतः बाळ सुदृढ दिसले, तरी तपासणी टाळणे योग्य नाही.

२. भारतातील स्थिती

विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचे वर्णन वैद्यकीय साहित्यात प्रथम १९१० साली अमेरिकेतील शिकागो शहरात झाले. भारतात हा आजार १९५२ साली निलगिरी पर्वतातील आदिवासी समाजांमध्ये आढळल्याची नोंद झाली. आज तो मध्य, पश्चिम व दक्षिण भारताच्या मोठ्या पट्ट्यात आढळतो. छत्तीसगड, मध्य प्रदेश, पश्चिम ओडिशा, झारखंड, गुजरातचा पूर्व भाग, महाराष्ट्रातील नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भाचे इतर जिल्हे, तसेच तेलंगण, आंध्र प्रदेश, तमिळनाडू व केरळ यांतील डोंगराळ भाग त्यात येतात. आदिवासी समाजांत त्याचे प्रमाण अधिक आहे, परंतु तो त्यांच्यापुरता मर्यादित नाही. याच प्रदेशांतील इतर समाजांतही तो आढळतो. शिवाय रोजगारासाठी लोक देशभर जात असल्याने कोणत्याही शहरातील आरोग्य केंद्रात असा रुग्ण येऊ शकतो.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकल सेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. १७ राज्यांतील अधिक प्रमाण असलेल्या जिल्ह्यांत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींची तपासणी करणे आणि २०४७ पर्यंत सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून या आजाराचे निर्मूलन करणे, हे अभियानाचे उद्दिष्ट आहे. तपासणी, समुपदेशन व नियमित उपचार या तिन्ही गोष्टी गावाजवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरापासूनच सुरू व्हाव्यात, असे नियोजन आहे.

३. रुग्ण आणि वाहक यांतील फरक

प्रत्येक व्यक्तीला हिमोग्लोबिनचे एक जनुक आईकडून व एक वडिलांकडून मिळते. दोन्ही जनुके सदोष असल्यास व्यक्ती ‘रुग्ण’ असते. एक सदोष व एक निर्दोष असल्यास ती ‘वाहक’ असते. वाहक व्यक्ती सर्वसाधारणपणे निरोगी जीवन जगते. तिला या आजारासाठी औषधांची गरज नसते आणि पुढे ती कधीही रुग्ण बनत नाही. मात्र सदोष जनुक ती आपल्या अपत्याला देऊ शकते.

• आई व वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के व पूर्णतः निर्दोष असण्याची २५ टक्के असते.
• एक वाहक व दुसरा निर्दोष असल्यास बाळ रुग्ण होत नाही. ते वाहक असण्याची शक्यता ५० टक्के असते.
• एक रुग्ण व दुसरा निर्दोष असल्यास सर्व अपत्ये वाहक होतात.
• एक रुग्ण व दुसरा वाहक असल्यास बाळ रुग्ण असण्याची शक्यता ५० टक्के असते.

ही शक्यता प्रत्येक गर्भारपणात नव्याने लागू होते. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणून पुढची तीन निरोगीच होतील, असा हिशेब करू नये. तसेच पालकांपैकी एक सिकल सेलचा व दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असला, तरीही बाळाला सिकल सेलसारखा गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून दोन्ही तपासण्यांविषयी डॉक्टरांना विचारावे.

आजार आई व वडील या दोघांकडून येतो. त्यामुळे केवळ आईला दोष देणे हे शास्त्रदृष्ट्या चुकीचे आहे आणि तिच्यावर अन्याय करणारे आहे. कोणीही आपली जनुके स्वतः निवडत नाही.

४. तपासणी : पहिले पाऊल

उपकेंद्रात किंवा शिबिरात बोटातून रक्ताचा थेंब घेऊन प्राथमिक चाचणी केली जाते. विद्राव्यता चाचणीतून रक्तात सदोष हिमोग्लोबिन आहे किंवा नाही एवढेच कळते. व्यक्ती रुग्ण आहे की वाहक, हे कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही निश्चिती करणारी तपासणी आवश्यक असते. म्हणून पहिली चाचणी सदोष आल्यास घाबरून जाऊ नये, परंतु दुसरी तपासणी पूर्ण केल्याशिवाय थांबूही नये. विद्राव्यता चाचणी लहान बाळांसाठी भरवशाची नसते. त्यांच्यासाठी वेगळी तपासणी केली जाते.

निकाल हाती आल्यावर परिचारिकेचे काम संपत नाही. ती कुटुंबाला एकांतात बसवून निकालाचा अर्थ सांगते, भावंडांची व जवळच्या नातेवाइकांची तपासणी सुचवते आणि कार्ड देते. निकाल गोपनीय ठेवणे हे तिचे कर्तव्य आहे. कोणाचे नाव, कोणाचा निकाल हे गावात चर्चिले जाऊ नये, याची काळजी कुटुंबाने व शेजाऱ्यांनीही घ्यावी.

५. आपल्या जवळच्या केंद्रात मिळणारी सेवा

सिकल सेलच्या रुग्णाचे रक्षण करणारे उपाय खर्चिक यंत्रांचे नाहीत. ते साधे आहेत, मात्र त्यांत खंड पडता कामा नये.

पेनिसिलिन : या आजारात पानथरी, म्हणजेच प्लीहा, लहानपणीच निकामी होऊ लागते. पानथरी शरीराला जंतूंशी लढण्यास मदत करते. ती नसल्यामुळे साधा वाटणारा जंतुसंसर्ग काही तासांत जीवघेणा ठरू शकतो. म्हणून बाळ दोन महिन्यांचे झाल्यापासून किमान पाच वर्षांचे होईपर्यंत दिवसातून दोन वेळा तोंडावाटे पेनिसिलिन दिले जाते. ते सोसत नसल्यास डॉक्टर पर्यायी औषध ठरवतात. १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या एका उपायाने मुलांमधील न्यूमोकोकस जंतूचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. बाळ बरे दिसते म्हणून औषध बंद करू नये; ते बरे राहावे म्हणूनच औषध दिले जात असते.

लसीकरण : सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमातील सर्व लसी वेळेवर द्याव्यात. न्यूमोकोकल व पेंटाव्हॅलेंट या लसींचे महत्त्व या बाळांसाठी विशेष आहे. इतर कोणत्या लसी आवश्यक आहेत, ते डॉक्टर सांगतील.

हायड्रॉक्सीयुरिया : हे औषध रक्तातील गर्भावस्थेच्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते. त्यामुळे पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचे प्रमाण घटते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात हे औषध घेणाऱ्या प्रौढ रुग्णांच्या वेदनांचे प्रसंग जवळजवळ निम्म्यावर आले होते. औषध डॉक्टर सुरू करतात व मात्रा वजनाप्रमाणे ठरते. परिणाम दिसण्यास काही महिने लागतात. त्यापूर्वी ‘गुण येत नाही’ म्हणून ते सोडू नये. ठरलेल्या अंतराने रक्ततपासणी करणे अनिवार्य आहे. कॅप्सूल घरी उघडू नये, औषध हाताळल्यावर हात धुवावेत आणि गर्भवती स्त्रीने ते उघड्या हाताने हाताळू नये. अपत्याचा विचार करणाऱ्या स्त्री-पुरुष रुग्णांनी आधी डॉक्टरांशी बोलावे.

फॉलिक आम्ल : नव्या रक्तपेशी तयार होण्यासाठी हे जीवनसत्त्व लागते. त्याची गोळी केंद्रात मिळते.

लोहाच्या गोळ्यांबाबत सावधगिरी : सिकल सेलचा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेमुळे होत नाही. म्हणून शाळेत किंवा शिबिरात सर्वांना लोहाच्या गोळ्या दिल्या जात असतील, तर आपले मूल सिकल सेलचे रुग्ण असल्याचे आधी सांगावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच निर्णय घ्यावा. वाहक गर्भवतींसाठी हा नियम लागू नाही. त्यांनी नेहमीप्रमाणे गोळ्यांविषयी आरोग्यसेविकेचा सल्ला पाळावा.

नियमित नोंद : प्रत्येक भेटीत वजन, उंची, हिमोग्लोबिन, पानथरीचा आकार, चुकलेल्या मात्रा व मागील भेटीनंतरचे वेदनांचे प्रसंग यांची नोंद केली जाते. सिकल सेलच्या अनेक रुग्णांचे हिमोग्लोबिन एरवीही ७ ते ९ ग्रॅम एवढेच असते. प्रत्येक वेळी त्यासाठी रक्त चढवावे लागत नाही. परंतु ज्याचे हिमोग्लोबिन नेहमी ८ असते, त्याचे एकाएकी ५ झाले तर ती आणीबाणी होय. नेहमीचा आकडा कार्डावर लिहिलेला असेल, तरच अनोळखी डॉक्टरलाही हा फरक तत्काळ कळतो.

तज्ज्ञांचा सल्ला हवा असल्यास सामुदायिक आरोग्य अधिकारी ई-संजीवनी या दूरसंवाद सेवेद्वारे आयुष्मान आरोग्य मंदिरातूनच डॉक्टरांशी संपर्क साधून देऊ शकतात.

६. वेदना : रुग्णावर विश्वास ठेवणे

सिकल सेलच्या वेदना हाडांत, सांध्यांत, पाठीत, छातीत किंवा पोटात होतात. त्या अतिशय तीव्र असू शकतात. बाहेरून मात्र जखम दिसत नाही, सूज असतेच असे नाही. त्यामुळे ‘काम टाळण्यासाठी’ किंवा ‘शाळा बुडवण्यासाठी’ मूल सोंग करते, असा आरोप त्याच्यावर होतो. हा आरोप रुग्णाला वेदनेइतकाच दुखावतो. पुढच्या वेळी तो त्रास लपवतो आणि उशीर होतो.

वेदना मोजण्याचे कोणतेही यंत्र नाही. रुग्ण जे सांगतो, तेच तिचे माप. म्हणून परिचारिका त्याला ० ते १० यांतील आकडा विचारते, लहान मुलांना चेहऱ्यांची चित्रे दाखवते, आणि त्यानुसार औषध दिल्यावर थोड्या वेळाने पुन्हा विचारते. ताप, श्वासाची गती, प्राणवायूचे प्रमाण व पाण्याची कमतरता ती तपासते. कारण वेदनेच्या आड छातीचा संसर्ग किंवा अन्य गुंतागुंत दडलेली असू शकते.

सौम्य वेदना सुरू होताच घरी पुढील उपाय करावेत : भरपूर पाणी किंवा पेज द्यावी, दुखऱ्या भागाला कोमट शेक द्यावा, रुग्णाला ऊबदार ठेवावे, विश्रांती द्यावी व डॉक्टरांनी आधी लिहून दिलेले वेदनाशामक त्याच मात्रेत द्यावे. दुखऱ्या भागावर बर्फ कदापि लावू नये. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व त्रास वाढतो. दुकानातून आपल्या मनाने तीव्र वेदनाशामके घेऊ नयेत. त्यांतील काही मूत्रपिंडांना अपाय करतात. काही तासांत आराम न पडल्यास केंद्रात जावे.

७. पानथरी तपासणे : मातेला येणारी एक मोलाची कला

लहान मुलांमध्ये कधी कधी रक्त अचानक पानथरीत साचते. ती झपाट्याने मोठी होते, मूल पांढरे पडते, गळून जाते आणि तातडीने रक्त न मिळाल्यास काही तासांत दगावू शकते.

या संकटावरचा एक प्रभावी उपाय कॅरिबियन समुद्रातील जमैका या देशात सिद्ध झाला. तेथील आरोग्य कर्मचाऱ्यांनी सिकल सेल असलेल्या मुलांच्या पालकांना घरी पानथरी चाचपून पाहण्यास शिकवले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पूर्वी अशा दर १०० प्रसंगांमागे सुमारे २९ मुले दगावत असत; शिक्षणानंतर ते प्रमाण सुमारे ३ वर आले. यासाठी नवे औषध लागले नाही. पालकांनी संकट लवकर ओळखले आणि मुलांना वेळेत रुग्णालयात आणले, एवढ्याने हा बदल घडला.

ही कला आपल्या परिचारिकेकडून शिकून घ्यावी. मूल शांत निजलेले असताना, पोट सैल असताना, त्याच्या डाव्या बरगडीच्या खाली बोटांनी हळुवार चाचपावे. मूल बरे असताना पानथरी किती बोटे लागते, ते लक्षात ठेवावे. मूल आजारी दिसल्यास पुन्हा पाहावे. ती एरवीपेक्षा मोठी लागली आणि मूल फिकट दिसले, तर एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. जोराने दाबू नये. पोट फुगले म्हणून बाळाला चटके देणे, डागणे किंवा पोट चोळणे हे प्रकार अत्यंत घातक आहेत.

८. धोक्याची लक्षणे

पुढीलपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास रुग्णाला त्वरित रुग्णालयात न्यावे. आवश्यकता भासल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

• १०१ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप
• छातीत दुखणे, खोकला, धाप लागणे
• अचानक फिकटपणा, अतिशय थकवा, पोटाचा डावा भाग मोठा होणे
• चेहरा वाकडा होणे, हात-पाय लुळे पडणे, बोलताना अडखळणे, झटके येणे, दृष्टी अंधूक होणे
• औषधानेही न थांबणाऱ्या वेदना
• वारंवार उलट्या किंवा जुलाब
• मुलगा किंवा पुरुष रुग्णाच्या लिंगाला दुखरा ताठरपणा येऊन तो टिकून राहणे. संकोचामुळे ही गोष्ट सांगितली जात नाही. ती आवर्जून सांगावी.

एक उदाहरण घेऊ. चार वर्षांच्या रुग्ण मुलीला संध्याकाळी ताप भरला. घरात तापमापक आहे. तो १०२ दाखवतो. मुलगी खेळते आहे, म्हणून ‘सकाळी पाहू’ असे आजोबांना वाटते. निरोगी मुलाच्या बाबतीत हा विचार कदाचित चालून गेला असता. या मुलीच्या बाबतीत रात्र हीच धोक्याची वेळ आहे. आई कार्ड घेते, आशाताईंना फोन करते. त्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवतात. केंद्रातील परिचारिका कार्ड पाहताच मुलीला रांगेत न बसवता डॉक्टरांना बोलावते. प्रतिजैविकाचे पहिले इंजेक्शन देऊन मगच मुलीला पुढच्या रुग्णालयात पाठवले जाते. या साखळीतील प्रत्येकाने एकेक साधी गोष्ट केली. त्यांपैकी एकही दुवा तुटला असता, तर मुलीचा जीव धोक्यात आला असता.

९. घरातील दैनंदिन काळजी

पाणी : तहान लागण्याची वाट न पाहता दिवसभर थोडे थोडे पाणी प्यावे. उन्हाळ्यात, प्रवासात व तापात ते वाढवावे. या आजारात मूत्रपिंडे लघवी घट्ट करू शकत नाहीत, त्यामुळे रुग्णाला वारंवार लघवी होते आणि अनेक मुले मोठ्या वयापर्यंत अंथरूण ओले करतात. त्याबद्दल मुलाला रागावू नये व त्यासाठी त्याचे पाणी तोडू नये.

ऊन, थंडी व श्रम : थंड पाण्याने अंघोळ, नदी-विहिरीत दीर्घकाळ पोहणे, पावसात भिजणे टाळावे. थंडीत पायमोजे व गरम कपडे घालावेत. हलका खेळ व व्यायाम जरूर करावा. दमेपर्यंत करू नये.

आहार : घरचे डाळ, भात, भाकरी, हिरव्या भाज्या, फळे, अंडी व दूध असे मिश्र अन्न पुरेसे असते. तंबाखू, धूम्रपान व मद्य पूर्णतः वर्ज्य करावे.

डासांपासून रक्षण : वाहकाला हिवतापाच्या गंभीर स्वरूपापासून काही अंशी संरक्षण मिळते. रुग्णाला मात्र हिवताप अतिशय घातक ठरतो. मच्छरदाणी नित्य वापरावी व ताप आल्यास हिवतापाची तपासणी करून घ्यावी.

पाय व डोळे : घोट्याजवळची लहान जखमही चिघळू शकते, म्हणून चप्पल किंवा बूट घालावेत. मोठ्या मुलांनी व प्रौढांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने डोळ्यांची तपासणी करून घ्यावी.

स्थलांतर : वीटभट्टी, ऊसतोड किंवा बांधकामासाठी कुटुंब परगावी जाणार असेल, तर निघण्यापूर्वी आरोग्यसेविकेला कळवावे. पुरेशी औषधे व कार्ड सोबत घ्यावे आणि नव्या ठिकाणी पोहोचल्यावर जवळच्या केंद्रात नाव नोंदवावे. कामाच्या हंगामात औषधात खंड पडणे हे अनेक रुग्णांच्या प्रकृती बिघडण्याचे कारण ठरते.

१०. शाळा, विवाह आणि गर्भारपण

शिक्षकांना आजाराची कल्पना द्यावी. मुलाला वर्गात पाण्याची बाटली ठेवण्याची व गरज पडेल तेव्हा लघवीला जाण्याची मुभा असावी. कडक उन्हात उभे करण्याची शिक्षा देऊ नये. या मुलांची वाढ व वयात येणे काहीसे उशिरा होते. त्यावरून त्यांची थट्टा होऊ नये. बुद्धीने ती इतरांहून कमी नसतात. मात्र अभ्यासात अचानक मागे पडणे हे मेंदूच्या रक्तपुरवठ्यातील अडथळ्याचे चिन्ह असू शकते. ते डॉक्टरांना सांगावे.

विवाह ठरवताना दोन्ही बाजूंनी कार्ड पाहावे. वाहक व्यक्ती विवाहास अपात्र नसते. दोघेही वाहक असतील, तर होणाऱ्या अपत्याविषयीची शक्यता समजून घेऊन निर्णय घेता यावा, हाच तपासणीचा हेतू आहे. निर्णय त्या दोघांचा असतो. समुपदेशकाने किंवा नातेवाइकांनी तो लादू नये.

विवाह झालेला असून दोघेही वाहक असल्यास, गर्भ राहताच आरोग्यसेविकेला कळवावे. गर्भाची तपासणी काही ठराविक केंद्रांत साधारणतः १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास होऊ शकते; उशीर झाल्यास पर्याय कमी होतात. रुग्ण स्त्रीचे गर्भारपण जोखमीचे मानले जाते. तिची नोंदणी लवकर व्हावी, तपासण्या अधिक वेळा व्हाव्यात आणि प्रसूती रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच व्हावी.

११. हक्क व सवलती

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात सिकल सेल आजाराचा समावेश आहे. पात्र रुग्णांना प्रमाणपत्र व त्यानुसार मिळणारे लाभ घेता येतात. त्यासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. अर्ज करण्यास आशा व सामुदायिक आरोग्य अधिकारी यांचे साहाय्य घ्यावे.

स्वतःस विचारून पाहावे

१. माझ्या घरातील प्रत्येकाची सिकल सेल तपासणी झाली आहे काय? कार्ड कोठे ठेवले आहे?
२. रुग्णाचे नेहमीचे हिमोग्लोबिन किती असते, हे घरातील किमान दोघांना ठाऊक आहे काय?
३. घरात तापमापक आहे काय व तो वाचता येतो काय?
४. मुलाची पानथरी तपासण्यास मी शिकलो किंवा शिकले आहे काय?
५. गेल्या महिन्यात औषधाच्या किती मात्रा चुकल्या? त्या का चुकल्या, हे परिचारिकेला सांगितले काय?
६. रात्री-अपरात्री ताप आल्यास कोणाला फोन करायचा व कोणत्या वाहनाने जायचे, हे ठरलेले आहे काय?

ज्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे येईल, तो प्रश्न घेऊन पुढील भेटीत केंद्रात जावे. मात्रा चुकली हे सांगताना संकोच बाळगू नये. औषध संपले, मजुरी बुडेल म्हणून येता आले नाही, गोळीने मळमळले, असे खरे कारण कळले, तरच परिचारिकेला त्यावर मार्ग काढता येतो.

सिकल सेल आजार जन्मभराचा आहे. तरीही वेळेवर तपासणी, रोजचे औषध, वेळेवर ओळखलेला ताप आणि वेदनेवर ठेवलेला विश्वास यांच्या बळावर रुग्ण शिकतो, काम करतो, संसार करतो. ही वाट आपल्या घरापासून सुरू होऊन जवळच्या उपकेंद्रातून पुढे जाते. पुढील भेटीची तारीख आजच कार्डावर लिहून घ्यावी आणि ती पाळावी.